काळा प्लग

मिनेसोटातली थंडी कशी असते ते सांगत बसत नाही. गेल्या शनिवारी उणे 20 सेल्सिअसमध्ये गोठलेल्या तळ्यावर माझी जुनी स्नोमोबिल बंद पडली आणि 2 मैल बर्फातून चालत घरी आलो. बायको काहीच बोलली नाही. ते जास्त वाईट!

खरं तर आठवडाभर लक्षणं दिसत होती. आयडलला इंजिन अडखळायचं, धुराला कच्च्या पेट्रोलचा वास. रविवारी तडक जेट बदलायला बसलो, मग डोकं ताळ्यावर आलं. थंड हवा दाट असते, म्हणजे थंडीत पेट्रोल उलट कमी पडायला हवं. मग हे जास्तीचं येतंय कुठून?

दोन्ही प्लग काढले. एक बिस्किटाच्या रंगाचा, दुसरा काळाकुट्ट, ओला. म्हणजे दोष एकाच कार्ब्युरेटरमध्ये! त्याच्या चोकची केबल ताणलेली निघाली. लिव्हर बंद, पण आतला प्लंजर केसभर वरच. केबलला जराशी ढील दिली, नवा प्लग लावला. झालं.

ऑफिसात ज्युनिअर पोरांना मीच सांगतो, आधी लॉग वाचा, मग कोडला हात लावा. इथे लॉग प्लगवरच लिहिलेला होता. तळ्यावर जायच्या आधी वाचला असता तर... असो.