सीट नसलेली सायकल

सायकल ह्या विषयात आता मला कोणी काही शिकवील, असे सत्तरी उलटल्यावर मला वाटले नव्हते. माझे सारे लहानपण पुण्यात गेले, आणि त्या वेळचे पुणे म्हणजे सायकलींचे गाव. तासाच्या भाड्याने सायकल आणायची, आधी मधल्या दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल मारायचे, मग दांड्यावरून, आणि मग एकदाचे सीटवर बसायचे, ह्या सगळ्या पायऱ्या मी क्रमाने चढलो आहे. पंक्चर काढणे, चाकाचा आऊट काढणे, तुटलेली चेन जोडणे, ह्या कामांसाठी मी दुकानाची पायरी कधी चढलो नाही. त्यामुळे एडिंबरोला मुलीकडे राहावयास आलो असताना तेरा वर्षांचा नातू जेव्हा हळूच म्हणाला, "आजोबा, मला एक सायकल घ्यायची आहे," तेव्हा मी मनातल्या मनात बाह्या सरसावल्या.

त्याने मला सायकलीचे चित्र दाखवले. तिला सीट नव्हती.

"सीट चोरीला गेलेली दिसते," मी म्हणालो.

"हिला सीट नसतेच, आजोबा. हिच्यावर बसायचंच नसतं."

ह्या प्रकाराला ट्रायल्स म्हणतात. त्यात वेगाला किंमत नाही. दगड, ओंडके, भिंती, उतरंडीसारखे रचलेले खोके, असे अडथळे उभ्याने सायकल चालवून पार करावयाचे, आणि पाय जमिनीला लागू द्यावयाचा नाही. जुन्या नियमाप्रमाणे पाय टेकला की एक गुण. पण हे गुण म्हणजे दोष. ज्याचे कमी तो जिंकला. गुण म्हणजे दोष, हे समजावयास मला थोडा वेळ लागला.

खेळ मुळात मोटारसायकलींचा. ह्याच स्कॉटलंडात फोर्ट विल्यमच्या आसपासच्या डोंगरांत दर मे महिन्यात सहा दिवसांची एक स्पर्धा भरते. तिची सुरुवात १९०९ सालची. मोटारसायकलीवरून तो सायकलीवर आला त्याची हकीकत मात्र बापलेकांची आहे. स्पेनमधल्या कॅटलोनियात पेरे पी नावाचा मोटारसायकलपटू होता, मोंतेसा कंपनीचा. त्याच्या लहानग्या ओटला वडिलांसारखेच दगडांवरून जावयाचे होते. बापाने त्याच्यासाठी सायकलच त्या कामाजोगी करून दिली. तो ओट पी पुढे सायकलीवरच्या ह्या खेळात जगज्जेता झाला. ही हकीकत नातवाने मला सांगितली तेव्हा मी "वा!" म्हणालो आणि विषय बदलला. का बदलला ते पुढे येईल.

आमच्या चिरंजीवांना हा नाद लागला तो डॅनी मॅकॅस्किल ह्या गृहस्थामुळे. हा स्काय बेटावरचा मुलगा एडिंबरोत सायकलीच्या दुकानात मेकॅनिक होता. एप्रिल २००९ मध्ये त्याच्या कसरतींची एक चित्रफीत लोकांसमोर आली आणि तो जगभर झाला. कुंपणाच्या टोकदार लोखंडी गजांवरून तो सायकल नेतो ते मीही पाहिले, आणि पाहताना दोन्ही हातांनी खुर्ची धरून ठेवली. चित्रफीत नातवाच्या जन्माआधीची; पण गाव तेच, दगडी पायऱ्या त्याच. शाळेत जाता-येता ज्या कट्ट्यापाशी आपण उभे राहतो तिथूनच कोणी उडाले आहे, हे कळल्यावर मुलाने गप्प बसावे कसे?

आता माझी चूक सांगतो. मी त्याला एका मोठ्या दुकानात नेले आणि कोरी करकरीत, दणकट दिसणारी, जाड टायरांची सायकल घेऊन दिली. तिला सीट होती, घंटी होती, वर्षाची हमी होती. वजन भरपूर होते, आणि ते मला गुणासारखे वाटले; आमच्या काळी जड सायकल ती मजबूत सायकल. मुलीला मी सांगितले, "शाळेत जायला उपयोगी पडेल." हे अर्धे खरे होते.

तिसऱ्या आठवड्यात तो फुटपाथच्या कडेवर उडी मारावयास गेला. ऐन जोर लावण्याच्या क्षणी चेन दातावरून सटकली. पायाखालचे पायडल एकदम रिकामे फिरले. गुडघा हँडलवर आदळला आणि पायडलच्या दातेरी कडेने नडगी सोलून काढली. सात टाके पडले.

त्या रात्री मुलगी काहीच बोलली नाही. त्याला झोपवून ती स्वयंपाकघरात आली, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "बाबा, माझ्या सायकलीचं तुम्ही काय केलंत?"

सदतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. ती बारा वर्षांची होती. चतुःशृंगीच्या उतारावर पडली आणि कोपराचे हाड मोडले. हात प्लास्टरमध्ये असताना मी तिची सायकल जुन्या बाजारात विकून टाकली आणि तिला सांगितले, दुरुस्तीला दिली आहे. तिने आठ-दहा दिवस विचारले. मग विचारणे सोडले. पुढे ती पीएमटीने शाळेत गेली, कॉलेजात गेली, आणि सायकलीवर पुन्हा कधी बसली नाही. मला वाटे, ती विसरली.

"विकली," मी म्हणालो.

"ते मला तेव्हाच कळलं होतं." ती उठली. "आता ह्याची विकू नका. काय लागतं ते नीट शिकून घ्या, आणि मग घ्या."

तेव्हा ह्या वयात मी शिकावयास बसलो. नातू गुरू, मी शिष्य. गुरूचा पाय उशीवर.

पहिला धडा चाकांचा. स्पर्धेची ट्रायल्स सायकल वीस इंची किंवा सव्वीस इंची असते. सव्वीस इंची चाक अडथळ्यावरून सहज चढते, पण त्याला अंगात उंची आणि जोर पाहिजे. वीस इंची आटोपशीर, मागच्या चाकावर उड्या मारावयास सोपी. मधली चोवीस इंची, लहानशी सीट असलेली, ती गावातल्या कट्ट्यांवर खेळणाऱ्यांची. मॅकॅस्किलची त्या जातीची. नातवाला अर्थातच तीच हवी होती. त्याची उंची पाच फुटांच्या आत. पुष्कळ वाटाघाटी होऊन वीस इंचीवर तडजोड झाली.

दुसरा धडा फ्रीव्हीलचा, आणि इथे माझ्या पन्नास-साठ वर्षांच्या विद्येचा आऊट निघाला. फ्रीव्हील मागच्या चाकात असते, हे मी सूर्य पूर्वेला उगवतो इतक्या खात्रीने सांगितले असते. ह्या सायकलीत ते पुढे, पायडलच्या दांडीवर. मागचे दातेरी चाक पक्के बसवलेले. त्यामुळे पाय स्थिर ठेवून सायकल जाऊ दिली तरी चेन आपली चालूच राहते. ते पाहून मला पहिल्यांदा भुताटकीच वाटली.

पण ह्यामागे हिशेब आहे. पुढे अठरा दाते, मागे बारा. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाक दीडच फेरे घेते. आमच्या जुन्या काळ्या सायकलीला पुढे चव्वेचाळीस, मागे अठरा असत. चाक जवळजवळ अडीच फेरे घेई. इथे पल्ला नको, झटका हवा. आणि झटका द्यावयाचा तर पाय दाबल्याबरोबर चाकाने ओढ घेतली पाहिजे. मध्ये रिकामी जागा नको. फ्रीव्हीलच्या आतले खटके जितक्या ठिकाणी अडकतात तितकी ही रिकामी जागा कमी. वीस ठिकाणी अडकणारे साधे फ्रीव्हील मागे बसवले, तर ह्या गणिताने पायडल बारा अंशांपर्यंत फुकट फिरू शकते. एकशे आठ ठिकाणी अडकणारे पुढे बसवले की तीन अंशांच्या किंचित वर. हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. भिंतीच्या कडेवर मागचे चाक टेकवून उभ्या असलेल्या मुलाला तो तसा वाटत नाही.

म्हणून नवशिक्याने पैसे कुठे खर्च करावे ह्याविषयी माझे मत पक्के झाले: फ्रीव्हील, चेन आणि ब्रेक. हलका चिमटा, भोके पाडलेल्या रिमा, रंगीत बोल्ट, ही सारी शोभा नंतरची. चेन तर जुन्या सायकलीबरोबर आली असेल तर डोळे मिटून बदलावी. त्या सात टाक्यांची किंमत एका चेनपेक्षा कितीतरी जास्त होती.

ब्रेकचेही तसेच. ह्या खेळात ब्रेक थांबण्यासाठी नसतो, उभे राहण्यासाठी असतो. एका बोटाने दाबला की चाक जागच्या जागी जखडले पाहिजे. मागच्या चाकाला पुष्कळजण रिमला धरणारा, तेलाच्या दाबावर चालणारा ब्रेक लावतात, आणि त्याची पकड बसावी म्हणून चक्क ग्राइंडरने रिमची कड खरवडून घेतात. आयुष्यभर रिमा फडक्याने पुसून चकचकीत ठेवणाऱ्या माणसाला हे बघवत नाही. शिवाय आवाज! कुंभाराच्या गाढवाने ऐन दुपारी सूर लावावा तसा. पण पकड अशी, की मी ब्रेक दाबून सायकल ढकलली तर ती हलली नाही, मीच मागे सरकलो.

सायकल मिळाली ती जुनी, साडेतीनशे पौंडांना. एका बाईंचा मुलगा शिकावयास दुसऱ्या गावी गेला होता. मी बॅटरी आणि फडके घेऊन गेलो. अॅल्युमिनियमचा सांगाडा वाकून इशारा देईलच असे नाही, केसाएवढी चीर पडते आणि एक दिवस तुटतो. म्हणून हँडलखालची डोकेनळी आणि पायडलचा आस बसतो तो सांधा, ह्या दोन ठिकाणी चिखल पुसून प्रत्येक जोड पाहिला. चाके फिरवून आऊट पाहिला. कान लावून फ्रीव्हील ऐकले; ह्या बाबतीत जुनी विद्या उपयोगी पडली. मग ब्रेक जखडून नातवाला पायडलवर उभे केले, आधी उजव्या, मग डाव्या. कुठे काही सटकले नाही. बाई मघापासून त्याच्या नडगीकडे पाहत होत्या. आत गेल्या आणि मुलाचे नडगीचे गार्ड आणून त्यांनी ते तसेच, पैसे न घेता, त्याच्या हातात ठेवले.

गार्ड कडक कवचाचे होते, आणि मागे पोटरीलाही झाकणारे. ते महत्त्वाचे, पायडल फक्त पुढूनच लागते असे नाही. बुटांचा तळवा सपाट आणि जरा ताठ हवा, नाड्या आत खोचलेल्या हव्यात. हातमोजे पातळ, ब्रेकचा दांडा बोटाला जाणवेल असे. गुडघ्यांचे पॅड आम्ही घेतले. पाठीचे कवच अजून घेतले नाही. उंच भिंतींवर जाईल तेव्हा पाहू. सध्या भिंत म्हणजे माल ठेवावयाची एक लाकडी चौकट, वीतभर उंच.

हेल्मेट मात्र नवेच. सायकल जुनी चालते, गार्ड जुने चालतात. हेल्मेट दुसऱ्याचे घेऊ नये. एकदा आपटले की आतला फोम दबतो, आणि ते वरून दिसत नाही. ते निवडावयास मुलगी स्वतः आली. भुवयांच्या वर दोन बोटे, डोके हलवले तर हेल्मेट हलता कामा नये, पट्ट्यात हनुवटीखाली बोट शिरेल इतकीच जागा. तिने चार हेल्मेटे त्याच्या डोक्यावर घालून पाहिली. आणि मग, दुकानदार पट्टा बसवत असताना, पाचवे स्वतःच्या डोक्यावर घालून आरशात पाहिले. मी दुसरीकडे बघत असल्याचे दाखवले. तिने ते काढून ठेवले.

पहिला महिना नुसते उभे राहण्याचा. दोन्ही ब्रेक धरायचे, दोन्ही पायडली जमिनीशी समांतर, पुढचे चाक किंचित वळवलेले, आणि तोल गेला की जागच्या जागी बारीक उडी. बाहेरून पाहणाऱ्याला हा मुलगा काहीच करत नाही असे वाटते. मी खिडकीतून मोजत असे. पहिल्या दिवशी चार. आठवड्याने अकरा. टाक्यांचा व्रण पांढरा झाला तोवर तो तीसच्या पुढे गेला होता, आणि मला मोजण्याचा कंटाळा येऊ लागला होता.

जूनमध्ये इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो. नातू शाळेच्या सहलीला गेला होता. मी जेवण उरकून भांडी विसळत होतो, आणि मागच्या अंगणातून तो गाढवाचा सूर ऐकू आला. खिडकीतून पाहिले. मुलगी कामावरच्याच कपड्यांत होती. पायांना नातवाचे गार्ड, डोक्यावर त्याचे हेल्मेट जरा पुढे सरकलेले. एक हात भिंतीला लावून ती पायडलींवर उभी राहिली, मग तिने हात काढला. लगेच पाय टेकला. पुन्हा चढली, पुन्हा टेकला. उजवा कोपर तिचा अजून पुरता सरळ होत नाही. तो तसाच वाकलेला होता.

तिसऱ्या वेळेला मी मोजावयास लागलो. दोन, तीन, चार. ब्रेक ओरडत होता. सहा, सात. तेवढ्यात तिने वर पाहिले, मी दिसलो, आणि पाय टेकला.

मी खिडकी उघडून ओरडलो, "एक गुण!"