चोरणीच्या बाजारातील निरांजन

लिस्बन शहरी सांव व्हिसेंत मठामागे दर मंगळवारी व शनिवारी ‘फैर द लाद्र’ भरतो. नावाचा सरळ अर्थ चोरणीचा बाजार! कांपु द सांता क्लारा येथे तो १८८२ पासून आहे. निळ्या फुटक्या फरशा, पदके, कुणाकुणाच्या लग्नांची छायाचित्रे, सारे चादरींवर मांडलेले. त्यांत एक पितळी निरांजन दिसले आणि आमचे पाऊल अडले. वातीपाशी काजळी अजून होती. गोव्याचे का, असे विचारता विक्रेता नुसता हसला. मालकी शाबीत करण्याचा भार दावा सांगणाऱ्यावर, हे आम्ही वीस वर्षे पक्षकारांना बजावीत आलो. आमच्यापाशी पुरावा तेवढी काजळीच. घासाघीस काही साधली नाही. सांगितली ती किंमत मोजली. घरी आणल्यावर निरांजन चिंच लावून घासले, काजळी मात्र आम्ही राखली आहे. देवापुढे ते लावावे की नाही, याचा निकाल अद्याप लागलेला नाही.