बुसानची पंगत

परदेशातून परतलेल्या माणसाला आपल्या समाजात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, ‘काय काय पाहिलेत?’ हा; आणि दुसरा, किंचित आवाज उतरवून, ‘जेवणाखाण्याचे कसे केलेत?’ हा. कोरियातील बुसान बंदराहून आम्ही परतलो तेव्हा दुसऱ्या प्रश्नालाच अधिक धार होती. कारण आमच्या सोबत आमच्या वडील भगिनी, आक्का होत्या. त्यांचे यजमान हयातभर जहाजावर होते आणि त्यांच्या पत्रांतून बुसानचे नाव वरचेवर येई. ते बंदर एकदा डोळ्यांनी पाहावे, एवढीच आक्कांची इच्छा. परंतु वैधव्यानंतर त्यांनी मासळी सोडली, कांदा-लसूण सोडला. ‘तिकडे उपाशी राहाल’ असे घरच्यांनी परोपरीने बजावले. आक्कांनी फोडणीच्या पोह्यांचा डबा भरला आणि त्या निघाल्या. वाचकांपैकी कोणास तिकडे जाण्याचा योग आला तर उपयोगी पडावे, म्हणून दोन्ही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

बुसान हे दक्षिण कोरियातील दुसऱ्या क्रमांकाचे शहर आणि सर्वांत मोठे बंदर. नावाचा अर्थ हंड्याचा डोंगर. सोलहून जलद आगगाडीने अडीच-तीन तासांत तेथे पोहोचता येते. गावात फिरण्यास भुयारी रेल्वेचा पहिला मार्ग बहुतांशी पुरतो. बंदराकडचा मासळीबाजार आणि उत्तरेकडचे डोंगरातले देऊळ, दोन्ही त्याच एका मार्गावर आहेत.

मासळीबाजार पाहण्यास गोव्याकडील माणसाने कोरियापर्यंत कशाला जावे, असे कोणी म्हणेल. आमच्यांतील पुष्कळजण सोमवार आणि श्रावण पाळून एरवी मासळी खाणारेच. तरीही जागाल्चीचा बाजार पाहावा. रबरी बूट चढवलेल्या प्रौढ बाया टोपल्या मांडून बसलेल्या असतात. त्यांची घासाघीस आणि शेजारणीशी चाललेली थट्टा ऐकून भाषा कळत नसतानाही म्हापशाचा बाजार आठवतो. खालच्या मजल्यावर जिवंत मासा निवडावा आणि वरच्या मजल्यावर तो खावा, ही तेथील रीत. मासळी न खाणाऱ्याने पलीकडच्या नांपो भागात जावे. तेथे रस्त्यावर तव्यावर तळून ‘होत्तक’ नावाची गोड पोळी देतात. आत साखर आणि सूर्यफूल, भोपळा यांच्या बिया. ती आक्कांनी लांबूनच पाहिली.

बाजाराजवळच योंग्दो पूल आहे. १९५० साली युद्ध पेटले तेव्हा उत्तरेकडून पळत आलेल्या माणसांनी वाटेत एकमेकांस सांगितले होते, ‘चुकामूक झाली तर योंग्दोच्या पुलावर भेटू.’ दुसरे ठिकाणच कोणास ठाऊक नव्हते. १९५३ पर्यंत, मधले काही महिने सोडले तर, हीच देशाची तात्पुरती राजधानी होती. पुलापाशी माणसे रोज येऊन उभी राहत. हरवलेल्या माणसांची वार्ता सांगणारे ज्योतिषीही तेथे दुकाने मांडून बसले. आजच्या बुसानचे पुष्कळसे रूप या निर्वासितांनी घडवले आहे. गामछन ही टेकडीवरची वस्ती त्यांतलीच. घरे पायऱ्यापायऱ्यांनी अशी रचलेली, की पुढच्याने मागच्याची दृष्टी अडवू नये. २००९ पासून चित्रकारांनी तिला रंगरूप दिले. आता प्रवाशांची रीघ लागते. परंतु घरांत माणसे राहतात, हे विसरू नये आणि तेथे हलक्या आवाजात बोलावे. ‘मिलम्यन’ हा थंड रश्शातल्या शेवयांचा पदार्थही त्याच काळातला. उत्तरेकडे या शेवया कुट्टूच्या पिठाच्या करीत; येथे ते मिळेना, म्हणून मदतीत आलेल्या गव्हाच्या पिठाच्या केल्या. रस्सा मात्र मांसाचा असतो, हे शाकाहाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

त्याच युद्धात आपल्याकडील साठावे पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स पथक लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली नोव्हेंबर १९५० मध्ये याच बंदरात उतरले. ते लढण्यासाठी नव्हे, जखमींच्या शुश्रूषेसाठी आले होते. शहरात संयुक्त राष्ट्रांची स्मशानभूमी आहे. तेथील हिरवळीवर थोडा वेळ स्तब्ध उभे राहावे.

शहराच्या ईशान्येस समुद्राच्या खडकांवर हेदोंग योंगगुंगसा हे बुद्धमंदिर आहे. १३७६ साली ते स्थापन करणारे नाओंग हे भारतातून तिकडे गेलेल्या एका भिक्षूचे शिष्य. १०८ पायऱ्या उतरून गेल्यावर लाटांचे तुषार अंगावर येतात. आक्का कठड्याशी बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या. त्यांचे तोंड मूर्तीकडे नव्हते, समुद्राकडे होते. आम्ही काही विचारले नाही.

डोंगरातले देऊळ म्हणजे बमोसा. नावाचा अर्थ ब्रह्मलोकीच्या माशाचे मंदिर. असा एक सोनेरी मासा पंचरंगी ढगांवरून या डोंगरावरच्या झऱ्यात उतरला, अशी कथा आहे. ६७८ साली उइसांग या आचार्यांनी ते स्थापिले, १५९२ च्या जपानी स्वारीत ते जळाले आणि १६१३ मध्ये पुन्हा उभे राहिले. ज्यांच्या कुळदेवांना सोळाव्या शतकात मूळ स्थान सोडून अंत्रुज महालात यावे लागले, त्यांना या सनांचा अर्थ निराळा सांगावयास नको.

येथे वस्तीस राहता येते. आपल्या देवळांच्या अग्रशाळांत राहिलेल्यांना ही सोय ओळखीची वाटेल. पूर्वी नोंदणी मात्र हवी. खाली ऊब असलेल्या जमिनीवर पातळ गादी, पहाटे घंटा आणि प्रार्थना, इच्छा असेल त्याला १०८ नमस्कार. स्वयंपाकघरातल्या बाईंना आम्ही दुभाष्याकरवी भीतभीत आक्कांचे नियम सांगितले. त्या हसल्या. मठात मांस-मासळी तर नाहीच, पण लसूण, कांदा आणि त्यांच्या जातीच्या उग्र वनस्पतीही वर्ज्य; एकूण पाच. पाचवे नाव ऐकून आम्ही चकित झालो. ते हिंग होते! आक्कांच्या पोह्यांना हिंगाचीच फोडणी होती. त्या म्हणाल्या, “अरे, यांचे सोवळे आपल्याहून कडक! डबा उघडू नकोस हो.” दोन दिवस त्या भात, सोयाबीनच्या पिठल्यासारखे कालवण, रानभाज्या आणि मुळ्याचे लोणचे पोटभर जेवल्या. जेवणानंतर वाडग्यात पाणी घेऊन ते फिरवून पिण्याची तेथे रीत आहे, म्हणजे शीतही वाया जात नाही. आक्कांना ती शिकवावी लागली नाही. सत्तर वर्षे जपलेला नियम परमुलखात अडसर होईल, असे घरच्या सर्वांना वाटले होते. त्याच नियमाने त्यांना पानावर बसवले.

इतरत्र राहावयाचे तर नांपो किंवा रेल्वे स्थानकाचा परिसर सोयीचा. हेउंदेची चौपाटी सुंदर खरी. पण जुलै-ऑगस्टमध्ये तेथे गर्दी फार. एप्रिल, मे किंवा ऑक्टोबर हे महिने उत्तम. आणि कुठलाही बेत असो, दोन रात्री बमोसाला द्याव्यात.