खडपावरची कालवे

आमच्या वाचकांपैकी ज्यांचे आजोळ कोकणात आहे, त्यांस खडप म्हणजे काय हे सांगावयास नको. इतरांकरिता इतकेच सांगतो की, समुद्रकाठचे जे काळे खडक भरतीस बुडतात व ओहोटीस उघडे पडतात, त्यांस आमच्याकडे खडप म्हणतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तेव्हा ओहोटीचे पाणीही फार दूर जाते. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याची हालचाल थोडी. ही विद्या आम्हांस शाळेत मिळाली नाही. ती मालवणनजीकच्या एका वाडीत आमच्या आतेने शिकविली.

उधाणाच्या ओहोटीस आते पदर खोचून कालवे काढावयास निघे. हाती एक पत्र्याचा डबा व वीतभर लोखंडी टोचणी. टोचणीने वरचा शिंपला उचकटावयाचा, आतील मांस डब्यात टाकावयाचे, आणि पुढे सरकावयाचे. खालचा शिंपला खडकास तसाच चिकटून राही. दोन-तीन तास ओणवे राहून डबा अर्धा भरे. बोटांस चिरा पडत, त्यांत खारे पाणी जाई. आम्ही इंग्रजी शाळेत गेलो त्या वर्षीची फी याच डब्यातून आली होती, हे आम्हांस पुष्कळ उशिरा समजले.

एका मे महिन्यात आम्ही व आमचा आतेभाऊ यांनी आतेस चकित करण्याचा बेत केला. घरातून हातोडा व छिन्नी घेतली आणि एका मोठ्या खडपावरील कालवांचे झुबकेच्या झुबके, लहान-थोर न पाहता, मुळापासून उखडले. तीन टोपल्या भरल्या! शाबासकीच्या अपेक्षेने आम्ही त्या अंगणात ओतल्या. आतेने एक झुबका उचलला, त्यावरील नखाएवढी पिले पाहिली आणि म्हणाली, "पोरांनू, ह्यां काय केल्यात? तेंचा घरच मोडलात." त्या दिवशी तिने कालवे रांधली नाहीत. मार बसता तर बरे, असे आम्हांस वाटले.

'घर' हा शब्द आम्हांस तेव्हा बायकी कळवळ्याचा वाटला. पुढे प्राणिशास्त्र वाचताना कळले की, आतेचे म्हणणे अक्षरशः खरे होते. कालवे आपले बीज पाण्यात सोडतात, त्याचा संयोग पाण्यातच होतो. एका दिवसाच्या आसपास त्या सूक्ष्म जीवास इवलासा शिंपला येतो, आणि तो दोन-तीन आठवडे लाटांबरोबर भटकतो. मग त्यास पाय फुटतो, तो बसावयास जागा शोधू लागतो, आणि जेथे कालवांचे जुने शिंपले असतील तेथे बसणे त्यास विशेष आवडते. एकदा चिकटला की जन्मभर तेथून हालणे नाही. म्हणजे आतेने मागे ठेवलेला तो खालचा शिंपला पुढील पिढीचा पाट होता, आणि आम्ही छिन्नीने पाटच उखडला होता.

परंतु यापुढची गोष्ट आतेसही ठाऊक नव्हती. "मोठी घ्यावी, बारकी रवांदे," हा तिचा नियम. तो चांगला आहे, पण पुरता नाही. कित्येक जातींची कालवे लहानपणी नर असतात व वाढल्यावर मादी होतात. एकेक मोठी मादी लाखो अंडी सोडते. तेव्हा सगळीच मोठी काढली तर अंडी कोण घालणार? शिवाय बीज पाण्यात विरते, म्हणून कालवे एकमेकांच्या जवळ असली तरच संयोग घडतो. वेस्ट इंडीजच्या समुद्रात क्वीन काँच नावाचा मोठा शंख आहे. त्याचे मीलन प्रत्यक्ष नर-मादीच्या भेटीने होते. बहामा बेटांजवळ पाहणी करणाऱ्यांस असे आढळले की, एका हेक्टरात सुमारे ५६ शंखांहून कमी उरले म्हणजे मीलनच होत नाही. हे निरीक्षण २००० साली प्रसिद्ध झाले. उरलेले शंख जिवंत असतात, पण वंश थांबतो. म्हणून एखादे खडप अगदी न शिवता राखणे अवश्य आहे, असे आमचे मत आहे.

येथे वाडीतील माणसे रास्त प्रश्न विचारतात: आम्ही राखावे आणि पिले वाहत जाऊन दुसऱ्या गावच्या खडपावर बसावी, हा कोणता न्याय? आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात सामान्यतः दक्षिणेकडे वाहतो व हिवाळ्यात उत्तरेकडे. देवगडचे बीज मालवणास यावे, मालवणचे वेंगुर्ल्यास जावे, यात अशक्य काही नाही. एका गावाने एकट्याने नियम पाळून भागत नाही, आणि ज्या बाईचा सायंकाळचा तांदूळ त्या डब्यावर अवलंबून आहे तिला "थांब" म्हणणे आमच्यासारख्या पगारदाराच्या तोंडी शोभत नाही. तरी असे घडले आहे. केरळातील अष्टमुडी सरोवरात तिसऱ्यांच्या जातीचे शिंपले काढतात. १९९१ साली तेथे सुमारे दहा हजार टन माल निघाला आणि दोनच वर्षांत तो निम्म्यावर आला. तेव्हा डिसेंबर ते फेब्रुवारी हे तीन महिने काढणी बंद ठेवण्याचा व जाळ्यांची भोके मोठी ठेवण्याचा नियम झाला. २०१४ साली त्या धंद्यास शाश्वत मत्स्यव्यवसायाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले; भारतात ते पहिलेच.

आम्ही उखडलेल्या खडपाकडे जाण्याचे दोन वर्षे आम्हांस धैर्य झाले नाही. तिसऱ्या मे महिन्यात आतेनेच नेले. खडक बहुतेक उघडा व शेवाळलेला होता; परंतु एका खाचेत, जेथे आमची छिन्नी पोचली नव्हती, तेथे चार जुन्या शिंपल्यांभोवती नखाएवढी पंधरा-वीस पिले बसली होती.

पुढे आम्ही शिकूनसवरून आल्यावर आते एकदा त्याच खडपापाशी वाकली आणि विचारती झाली, "ही खयची रे? हयची तर सगळी तुमी नेल्यात."

आम्ही तिला प्रवाहाची गोष्ट सांगितली व दक्षिणेकडे बोट दाखविले.

"म्हंजे वेंगुर्ल्याची म्हण!" आते हसली, आणि टोचणी कमरेला खोचून पुढच्या खडपाकडे चालू लागली.