सवाल आणि जबानी

प्रिय वकीलसाहेब यांस,



आपले सविस्तर पत्र पावले. शपथेवर दिलेली, न्यायासनासमोर झालेली आणि दप्तरात दाखल असलेली जबानी हाच इतिहासाचा सर्वांत निर्धोक पाया होय, बखरकार काय किंवा प्रवासवर्णनकार काय, दोघेही शेवटी स्वतःच्याच पदरी पुण्य बांधून घेतात, असा जो सिद्धान्त आपण मांडला आहे, तो जन्मभर साक्षीपुराव्यात वावरलेल्या गृहस्थाला शोभण्यासारखाच आहे. तथापि तो जसाच्या तसा मला मान्य करवत नाही. का करवत नाही, हे युक्तिवादाने सांगू गेलो तर आपण मला चार प्रश्नांत निरुत्तर कराल; म्हणून सोळाव्या शतकातील एका फसलेल्या व्यापारी सफरीची हकीकतच आपल्यापुढे ठेवतो. त्या सफरीतील खलाशांना तीन वेगवेगळ्या ठिकाणी, तीन वेगवेगळ्या हेतूंनी बोलते करण्यात आले. आणि ती तीन दप्तरे शेजारी शेजारी ठेवली की माणसे एकाच जहाजावर होती याचीच शंका यावी, इतके त्यांचे बोलणे निराळे आहे.

सफर इंग्रज दर्यावर्दी जॉन हॉकिन्सची, तिसरी. २ ऑक्टोबर १५६७ रोजी प्लिमथ बंदरातून सहा जहाजे निघाली. त्यांपैकी ‘जीझस ऑफ ल्यूबेक’ आणि ‘मिनियन’ ही दोन खुद्द एलिझाबेथ राणीच्या मालकीची होती. ‘जीझस’ हे सातशे टनांचे अवाढव्य धूड राणीच्या वडिलांनी ल्यूबेकच्या व्यापाऱ्यांकडून विकत घेतलेले, आणि एव्हाना लाकूड कुजून जर्जर झालेले होते. ‘जूडिथ’ नावाच्या लहानशा जहाजावर फ्रान्सिस ड्रेक नावाचा तरुण होता. व्यापार कसला, तर माणसांचा: आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावर माणसे धरावयाची, अटलांटिक ओलांडून ती स्पेनच्या अमेरिकेतील वसाहतींना विकावयाची, आणि सोने, रुपे, मोती घेऊन घरी परतावयाचे. स्पेनच्या कायद्याने परवान्यावाचून हा व्यापार निषिद्ध होता. परंतु मागील दोन सफरींत हॉकिन्सने त्यात भरपूर नफा मिळविला असल्यामुळे कायद्याची फिकीर लंडनमध्ये फारशी कोणाला नव्हती. सिएरा लिओनपाशी एका स्थानिक राजाच्या बाजूने लढाईत पडून, वाळलेल्या ताडपानांनी शाकारलेले एक गाव पेटवून त्याने अडीचशे माणसे पकडली. आधीची व नंतरची मिळून चारशे ते पाचशेच्या दरम्यान माणसे तळघरात कोंबून जहाजे पश्चिमेकडे निघाली.

कॅरिबियन किनाऱ्यावरील विक्रीचा तपशील येथे नको. परतीच्या वाटेवर ऑगस्टातील वादळाने ‘जीझस’चे सांधे सुटले, पाणी आत शिरू लागले, आणि डागडुजीसाठी सप्टेंबर १५६८ मध्ये हॉकिन्सला व्हेराक्रुझचे बंदर जे सान हुआन दे उलुआ, त्यात शिरणे भाग पडले. दुसऱ्याच दिवशी क्षितिजावर स्पेनचे तेरा जहाजांचे आरमार दिसले, आणि त्यावर मेक्सिकोचे नवे व्हाइसरॉय डॉन मार्टिन एन्रिकेझ होते. ओलीस दिले-घेतले गेले, तह झाला, दोन्ही आरमारे एकाच अरुंद बंदरात अंगाला अंग लावून उभी राहिली. आणि २३ सप्टेंबरला सकाळी स्पॅनिश बाजूने हल्ला झाला. ‘मिनियन’ आणि ‘जूडिथ’ एवढी दोनच जहाजे निसटली. ‘मिनियन’वर अन्नपाण्यावाचून माणसांची इतकी दाटी झाली, की सुमारे शंभर जणांना मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर उतरवून हॉकिन्सला पुढे जावे लागले. जानेवारी १५६९ मध्ये दोन्ही जहाजे इंग्लंडला लागली.

आता पहिले दप्तर पाहू. मार्च १५६९ मध्ये लंडनच्या आरमारी न्यायालयात, म्हणजे हाय कोर्ट ऑफ ॲडमिरल्टीत, या नुकसानीची चौकशी झाली. या न्यायालयाची रीत इंग्लंडच्या इतर न्यायालयांसारखी नव्हती. तेथे ज्यूरी नसे, रोमन कायद्याच्या परंपरेप्रमाणे आधी लेखी कलमे तयार होत, मग एकेका साक्षीदाराला एकान्तात ती कलमे विचारली जात, आणि कारकून त्याचे उत्तर ‘हा साक्षीदार असे म्हणतो की’ अशा तृतीय पुरुषी भाषेत उतरवून घेई. स्पेनशी त्या वेळी मोठा तंटा उभा राहिला होता. स्पॅनिश सैन्याच्या पगारासाठी निघालेला खजिना इंग्लंडच्या बंदरांत राणीने अडकवून ठेवला होता, नेदरलँड्समध्ये तेथील स्पॅनिश सुभेदार आल्वाच्या ड्यूकने इंग्रज व्यापाऱ्यांचा माल जप्त केला होता. अशा वेळी आपल्या बाजूच्या फिर्यादीचा आकडा कागदावर पक्का करून ठेवणे, हा या चौकशीचा उघड उद्देश होता. समोर प्रतिवादी नव्हता, उलटतपासणी नव्हती. हॉकिन्स, त्याचे गुमास्ते, ‘जीझस’वरचा तुतारी वाजविणारा, असे लोक आले आणि जहाज, तोफा, कापड, दागदागिने यांच्या किमती सांगून गेले.

त्या यादीत एक बाब आहे: ५७ गुलाम, प्रत्येकी १६० पौंड, एकूण ९,१२० पौंड. एवढी मोठी किंमत सिद्ध करण्यासाठी मेक्सिकोत पूर्वी व्यापार केलेला विल्यम फाउलर नावाचा एक व्यापारी मुद्दाम साक्षीला उभा केला, आणि त्याने तरुण, धडधाकट गुलामाला तेथे चारशे ते सहाशे पेसो पडतात, असे सांगितले. वकीलसाहेब, या साक्षीत खोटे काहीही नसेल. परंतु ज्या गावाला आग लावून ही माणसे आणली, त्याची वार्ता या यादीत कोठून असणार? ती काही गुपित नव्हती. हॉकिन्सने त्याच वर्षी छापलेल्या आपल्या पुस्तिकेत ती स्वतःच, किंचितही संकोच न करता, लिहिली आहे. म्हणजे आपण ज्याला अविश्वसनीय ठरविता, त्या स्वतःची बढाई मारणाऱ्या ग्रंथकारानेच न्यायालयापेक्षा अधिक सांगितले. आणि त्या सत्तावन्नांना काही विचारावे, हे या तीन दप्तरांतील कोणत्याच सवाल करणाऱ्याला सुचलेले नाही.

दुसरे दप्तर मेक्सिकोतले. किनाऱ्यावर उतरविलेले ते शंभरावर लोक उपासमारीतून जे वाचले, ते बहुतेक स्पॅनिशांच्या हाती पडले. काही वर्षे कोणी खाणींवर देखरेख करीत, कोणी श्रीमंतांच्या घरी चाकरी करीत बऱ्यापैकी जगलेही. परंतु १५७१ मध्ये मेक्सिकोत इन्क्विझिशनची, म्हणजे पाखंड्यांचा न्याय करणाऱ्या धर्मन्यायालयाची, रीतसर स्थापना झाली, पेद्रो मोया दे कोन्त्रेरास हा पहिला इन्क्विझिटर आला, आणि विखुरलेल्या इंग्रजांना हुडकून कोठड्यांत घालण्यात आले. येथे ‘जीझस’ची किंमत कोणाला नको होती. पॅटर नॉस्टर, आव्हे मारिया आणि क्रीड लॅटिनमध्ये म्हणून दाखव. प्रभुभोजनाच्या भाकरीविषयी तुझी श्रद्धा काय. तुझ्या सोबत्यांपैकी कोण काय बोलला. असे तेथील सवाल. माइल्स फिलिप्स नावाचा, सफरीवर निघाला तेव्हा पोरसवदा असलेला खलाशी पुढे इंग्लंडला निसटून आला आणि त्याने ही सगळी हकीकत लिहिली; बहुतेकांना त्या प्रार्थना इंग्रजीतच येत होत्या, असे तो म्हणतो. पोरांचा बचाव मोठा मासलेवाईक होता: आम्ही एलिझाबेथच्या राज्यात वाढलो, रोमचा धर्म आम्हाला कोणी शिकविलाच नाही, मग आम्ही तो सोडला असे कसे म्हणता? हा मुद्दा बऱ्याच अंशी मानला गेला, आणि जे आधीच्या मेरी राणीच्या कॅथॉलिक अमदानीत कळते झाले होते, त्यांच्यावरच अधिक कठोर प्रसंग गुदरला. २८ फेब्रुवारी १५७४ रोजी मेक्सिको शहरात शिक्षा जाहीर झाल्या: कोणाला फटके व गलबतावर वल्ही मारण्याची वर्षानुवर्षांची सजा, फिलिप्ससारख्या पोरांना प्रायश्चित्ताचा झगा घालून मठात चाकरी, काहींना देहान्त.

पण आपल्याला नवल वाटेल अशी गोष्ट पुढेच आहे. ‘जीझस’वर सकाळ-संध्याकाळ मुख्य डोलकाठीपाशी सर्वांना एकत्र करून इंग्रजीत प्रार्थना होत, स्तोत्रे म्हटली जात, आणि जो येण्याची टाळाटाळ करी त्याला बेड्यांची धमकी मिळे, हा सगळा तपशील इतक्या बारकाईने मिळतो तो इन्क्विझिशनच्या कागदांत. माणसांचा बाजार करावयास निघालेल्या जहाजावर भक्तीचा हा नेम किती काटेकोर पाळला जात होता, हे लंडनच्या न्यायाधीशाला ठाऊकच असल्यामुळे त्याने ते विचारले नाही. छळाच्या भयाने दिलेली जबानी म्हणून आपण ती न्यायतः बाद कराल, आणि न्यायाधीश म्हणून ते योग्यच होईल. पण इतिहासाला ती टाकून चालणार नाही. गोव्याच्या आपल्या इन्क्विझिशनचे, १५६० पासून अडीचशे वर्षे साठलेले दप्तर १८१२ मध्ये ती संस्था बंद झाल्यानंतर बहुतांशी नष्ट करण्यात आले, मेक्सिकोचे राहिले. गोव्यात ज्यांनी जबान्या दिल्या त्यांचे घरगुती आचार, सणवार, खाणेपिणे त्या दप्तराबरोबर गेले, याची हळहळ मला या इंग्रज खलाशांचे कागद वाचताना राहून राहून वाटली.

तिसरी जबानी मात्र इतकी गमतीची आहे, की तिच्यासाठीच हे पत्र लिहावयास बसलो, असे म्हटले तरी चालेल. डेव्हिड इंग्रॅम हा एसेक्समधील बार्किंगचा खलाशी. त्या शंभरांपैकीच हा एक. परंतु स्पॅनिशांच्या वाटेला न जाता रिचर्ड ब्राउन आणि रिचर्ड ट्वाइड या दोघांसह तो उत्तरेकडे चालू लागला, आणि सुमारे वर्षभरात आजच्या कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याजवळ पोहोचून एका फ्रेंच जहाजाने घरी आला, असे त्याचे म्हणणे. १५८२ मध्ये, म्हणजे इतक्या वर्षांनी, राणीचा चिटणीस सर फ्रान्सिस वॉल्सिंगहॅम, सर जॉर्ज पेकहॅम आणि आणखी काही मंडळींनी त्याला बोलावून घेतले. सर हंफ्री गिल्बर्टच्या नेतृत्वाखाली अमेरिकेत इंग्रज वसाहत घालण्याचा घाट तेव्हा चालला होता. जमीन सुपीक आहे काय, लोक कसे आहेत, काय माल निघतो, असे सात सवाल आधी लिहून काढले होते. इंग्रॅमचे दोन्ही सोबती एव्हाना मृत झाले होते. त्याला खोडून काढणारा कोणी उरला नव्हता. मग काय विचारता! स्फटिकाच्या आणि रुप्याच्या आसनांवर मिरविणारे राजे, बोटभर लांबीची माणके, रुप्याच्या खांबांचे भोजनमंडप आणि उत्तर अमेरिकेच्या अरण्यात चक्क हत्ती, असे सारे त्या जबानीत आहे. पेकहॅमने पुढील वर्षी वसाहतीची भलामण करताना तिचा आधार घेतला. रिचर्ड हॅक्लुटने १५८९ च्या आपल्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात ती छापली, आणि दुसऱ्या आवृत्तीतून मुकाट्याने काढून टाकली. ती अविश्वसनीय वाटल्यामुळेच वगळली असावी, असे हॅक्लुटचे काम पुढे चालविणाऱ्या पर्चासने लिहिले.

इंग्रॅमला तेव्हापासून लोक गप्पिष्ट खोटारडा म्हणत आले आहेत. मला तसे वाटत नाही, निदान तेवढेच वाटत नाही. हत्तींच्या मुलुखाचा किनारा याच सफरीत, आफ्रिकेत, त्याच्या दृष्टीस पडला होता. कॅरिबियनातील मोत्यांची बंदरेही त्याने पाहिली होती. सवाल करणाऱ्यांनी त्याच्या सबंध सफरीतील उत्तरे ‘लोक’, ‘जनावरे’, ‘धातू’ अशा आपल्या सोयीच्या कलमांखाली वाटून टाकली, तेव्हा कोणते उत्तर कोणत्या खंडाचे, हे कागदावर उरले नाही. अलीकडच्या एका अभ्यासकानेही असेच प्रतिपादन केले आहे. रुप्याच्या खांबांचा हिशेब मात्र यानेही लागत नाही. तेथे, माझ्या समजुतीने, एका गरीब खलाशाने समोर बसलेल्या थोरामोठ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहून, त्यांना काय ऐकावयाचे आहे ते ओळखले, आणि ते दिले. आपल्या व्यवसायात असे साक्षीदार आपण पुष्कळ पाहिले असतील.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच, की जबानी निर्धोक असते ती तिचा सवाल हाताशी असेपर्यंत. एकाच जहाजावरची माणसे एका दारात नुकसानभरपाईचे दावेदार झाली, दुसऱ्या दारात पाखंडी, आणि तिसऱ्या दारात नव्या राज्याचे वाटाडे. या तिन्ही भूमिका त्यांनी स्वतः निवडल्या नव्हत्या. इंग्रॅमच्या प्रश्नांचा कागद सुदैवाने इंग्लंडच्या सरकारी दप्तरात राहिला, पण छापील पुस्तकात उत्तरे तेवढी आली, आणि त्या उत्तरांवर एका माणसाची अब्रू शतकानुशतके गेली.

यावरून आपल्याला एक विनंती करावीशी वाटते. आपल्या जिल्ह्याच्या न्यायालयातील जुन्या दप्तरांची छाननी जेव्हा होईल, तेव्हा आपल्या शब्दाला तेथे वजन आहे. फैसले आणि जबान्या लोक राखतातच. त्यांच्यासोबतच्या प्रश्नावल्या, कमिशनवर साक्ष घेताना पाठविलेले सवालांचे मसुदे आणि वकिलांची टिपणे मात्र निरुपयोगी समजून रद्दीत घालतात. तसे होऊ देऊ नये. ज्या जबानीला जो सवालांचा कागद जोडलेला असेल, तो तिच्यासोबतच बांधून ठेवावा, असा आग्रह आपण अवश्य धरावा.



आपला स्नेहांकित