तिसरी प्रत

दागिना एकमेव असला की त्याचे मोल वाढते. आठवण एकाच ठिकाणी असली की जीव टांगणीला लागतो. आई गेली, तिच्या आवाजातल्या ओव्या राहिल्या. त्यांच्या मी तीन प्रती केल्या: एक संगणकात, दुसरी कपाटातल्या हार्ड डिस्कवर, तिसरी नागपूरला बहिणीकडे. घरची मंडळी हसतात. पण १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात पाणी शिरले, तेव्हा त्याने कपाट आणि ट्रंक असा भेद केला नाही. एका छपराखालच्या दोन प्रती पुरापुढे एकच! शिवाय डिस्क निमूटपणेही बिघडते. ठेवलेली प्रत वाजेलच असे नाही. म्हणून दर दिवाळीला बहीण आपली प्रत लावून ऐकते आणि फोनवर सांगते, “आई खुशाल आहे.”