चाव्यांचा जुडगा

१ मे १९९९ ला परभणीतून वेगळा निघून हिंगोली जिल्हा झाला. कचेरीच्या कामाला परभणी गाठायचा आमच्या गावाचा वनवास तेव्हा संपला. त्याच साली हळदीचे पैसे हातात आले आणि अण्णांनी एक जुनी मारुती ८०० घेतली. दहा-बारा वर्षं कुणीतरी वापरलेली, पांढरी. गाव औंढ्याच्या अलीकडं, फाट्यापासून तीन किलोमीटर आत. रस्ता कसला, पांद्यातच थोडी खडी टाकलेली.

गाडी आली घरासाठी, झाली गावाची. कुणाला इचू चावला, कुणाच्या छातीत दुखलं, की रात्री-अपरात्री हाक यायची, “अण्णा, गाडी काढा.” १०८ नंबरची रुग्णवाहिका महाराष्ट्रात आली २०१४ साली. आधीची सगळी वर्षं अशाच कुणाच्या तरी जीपवर, नाहीतर गाडीवर निघाली.

तर २००४ च्या पावसाळ्यात ही गाडी दगा द्यायला लागली. कधी चावी फिरवली की पटकन चालू व्हायची, कधी हूं की चूं नाही. पाच-सहा पोरं धक्का मारायची, की बरोबर चालू. आणि कधी खड्ड्यात चाक गेलं की चालती गाडी गपकन बंद. एवढ्यावर भागलं असतं, पण घरात वहिनीला नववा लागलेला. पहिल्या खेपेला शिझर झालं होतं. डॉक्टरनं बजावून ठेवलं होतं, “कळा सुरू झाल्या की घरी थांबू नका.” आई रोज अण्णांना विचारायची, “गाडी चालू व्हती का आज?” अण्णा नुसतं हुं म्हणायचे.

एका दुकानदारानं बॅटरी बदलायला लावली. आठ दिवसांत पुन्हा तेच. दुसरा म्हणाला, सेल्फ गेला, खोलावा लागेल, तीन दिवस गाडी ठेवा. तीन दिवस गाडी ठेवायची कशी? दादा म्हणाला, “आधी चाचाला दाखवू.” चाचा म्हणजे हिंगोलीत एका लिंबाखाली बसून गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा म्हातारा माणूस. त्याच्यापाशी एक पकड, दोन पेचकस आणि दोन वायरी जोडलेला एक बल्ब. बास.

चाचानं बॉनेट उघडलंच नाही आधी. पानाचा तोबरा सांभाळत विचारलं, “बंद पडती तेव्हा समोरचे लाल दिवे मंद व्हतात का एकदम जातात?”

दादा म्हणाला, “एकदम जातात. अन् परत येतात.”

“मग बॅटरीला कामून बदनाम केलं?” चाचा हसला. बॅटरी बसली की दिवे हळूहळू मंद होतात. एकदम जाऊन एकदम येणारा दिवा म्हणजे कुठंतरी तोंड सुटतंय.

मग त्यानं हेडलाइट लावायला सांगितले. लख्ख. ते लावलेलेच ठेवून चावी फिरवायला सांगितली. सेल्फचा आवाज नाही, टक सुद्धा नाही, आणि उजेड तसाच्या तसा. “सेल्फनं करंट ओढला असता तर उजेड दबला असता. म्हणजे करंट सेल्फपर्यंत जातच नाही.” गाडी न्यूट्रल करायला लावून त्यानं बॅटरीवरून एक वायर सेल्फच्या बारीक वायरीला टेकवली. सेल्फ गर्रकन फिरला! बॅटरी सुटली, सेल्फ सुटला. तीन दिवसांची गॅरेजची फेरी तिथंच वाचली.

मग चाचा स्टिअरिंगखाली आडवा झाला, कव्हर सोडलं. चावीच्या मागं एक स्विच असतो. कुलूप फिरलं की तो फिरतो आणि बॅटरीचा करंट पुढं वाटून देतो. येणाऱ्या वायरीला बल्ब लावला, पेटला. सेल्फकडं जाणाऱ्या वायरीला लावला आणि दादानं चावी फिरवली. नाही पेटला. “आता चावी जरा वर दाबून फिरव.” पेटला. पुन्हा सोडली, विझला.

राहिलं एवढंच, की दोष चावीचा, कुलपाचा का स्विचचा. दुसरी चावी आजीच्या ट्रंकेत फडक्यात गुंडाळून पडलेली, कधी न वापरलेली. दुसऱ्या दिवशी ती नेली. तिचे दाते धारदार, आमच्या रोजच्या चावीचे घासून गुळगुळीत. पण नवी चावीसुद्धा आत डगडग हलायची. चाचानं गाडी चालू असतानाच ती ओढली, तर हातात आली! “चालू गाडीतून चावी निघती म्हणजे आतल्या पितळी पत्र्या झिजल्या. कुलूप ढिलं, म्हणून स्विच कधी पुरता फिरतो, कधी अर्धाच. स्विचचं तोंड बी जळालंय.” कुलूप आणि स्विच दोन्ही बदलायचं ठरलं.

अण्णांनी विचारलं, “पण झिजलं कशानं?”

चाचानं उत्तर न देता आमचा जुडगा तळहातावर तोलला. गाडीच्या चावीसोबत कोठीची, विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीची, मागच्या दाराची, सायकलीची अशा सात चाव्या, वर औंढ्याच्या यात्रेतलं पितळी घुंगरू. पाच वर्षं एवढं वजन त्या कुलपाला लोंबकळून प्रत्येक खड्ड्यात हिसके देत होतं. त्यात फुफाटा, आणि चावी अडली की अण्णा तेलाचा थेंब सोडायचे. तेलावर धूळ बसून आत उटणंच झालेलं. “तेल नको घालत जाऊ अण्णा. पेन्सिलीचं शिसं किसून चावीला लावायचं. अन् ही चावी एकटी ठेवायची.”

आषाढातल्या अमावास्येच्या आसपास रात्री दोनला वहिनीला कळा सुरू झाल्या. पाऊस झिमझिमत होता. आईनं कंदील धरला, दादानं चावी फिरवली. एका दमात गाडी चालू झाली. फाट्यापर्यंतच्या खड्ड्यांत एकदाही बंद पडली नाही. उजाडायच्या आत हिंगोलीच्या दवाखान्यात पोरगी झाली, दोघी सुखरूप.

अण्णा गेले तोवर ती गाडी होती. तिची चावी देवघराशेजारी खिळ्याला एकटी टांगलेली असायची, आणि बाकी सहा चाव्यांचा जुडगा घुंगरासकट आईच्या कमरेला गेला होता. चावी कुणी मागायला आलं, की हातात देताना अण्णा म्हणायचे, “हिला दुसरं काही अडकवू नका.”